कपाटात काही नाहीये, असं किती वेळा सांगायचं?

या वेळचं पत्र एका आईचं आहे. नाव-गाव गाळून, थोडक्यात सांगते.

वय ३८. भयपट हा कॉलेजपासूनचा नाद, आणि त्यातही बागुलबुवाचे भयपट विशेष लाडके: कपाटात, पलंगाखाली, दाराच्या फटीत दडलेलं ते काहीतरी. दोन्ही मुलं झोपली की शुक्रवारी रात्री एक चित्रपट, हा त्यांचा नेम. तीन आठवड्यांपूर्वी त्या २०२३ चा ‘द बूगीमॅन’ (म्हणजे बागुलबुवाच) दुसऱ्यांदा बघत होत्या. सहा वर्षांची मुलगी पाणी प्यायला उठली आणि कधी मागे येऊन उभी राहिली, ते त्यांना कळलंच नाही. पाचेक मिनिटं तरी तिने बघितलं असावं. त्या दिवसापासून ती एकटी झोपत नाही. आई रोज रात्री कपाट उघडते, पलंगाखाली बॅटरी मारते आणि म्हणते, ‘बघ, काही नाहीये.’ दहा मिनिटांत पुन्हा हाक येते. तेरा वर्षांचा मुलगा ‘बागुलबुवा आला’ म्हणून बहिणीला चिडवतो, आणि वर आपल्यालाही ते सिनेमे बघायचेत म्हणून हटून बसलाय. नवऱ्याचं म्हणणं असं की हे सगळं या नादापायी झालं, तो कायमचा बंद. ‘चांगली आई असले सिनेमे बघते का?’ हे नवऱ्याचं वाक्य पत्रात दोनदा आलंय.

मधेच, जाता जाता, एक ओळ आहे. पाच महिन्यांपूर्वी सासरे वारले. नात त्यांच्याच खोलीत झोपायची. तिला ‘आजोबा लांब कामाला गेलेत’ असं सांगितलंय.

त्यांचे प्रश्न दोनच. मुलीला तो चित्रपट पूर्ण दाखवला, शूटिंग कसं करतात तेही दाखवलं, तर भीती जाईल का? आणि मी हे सिनेमे सोडून द्यावेत का?

ताई,

तुमच्या पत्रात मी ‘बघ, काही नाहीये’ या तीन शब्दांपाशी थांबले. हे वाक्य आधी कुठे कुठे ऐकलंय ते आठवू लागले, तर आठवत गेलं ते सगळं आपल्या लाडक्या चित्रपटांतून. आपल्या म्हणते, कारण मीही त्याच पंथातली आहे.

जॉन कार्पेंटरचा १९७८ चा ‘हॅलोविन’ घ्या. टॉमी नावाचा लहानगा खिडकीतून बाहेर बघतो आणि सांगतो, समोर बागुलबुवा आहे. त्याला सांभाळायला आलेली लॉरी प्रेमळ मुलगी आहे, आणि ती नेमकं तेच म्हणते जे तुम्ही म्हणता. पुढे टॉमीच खरा ठरतो. शेवटी भेदरलेली लॉरी म्हणते की तो बागुलबुवाच होता, आणि डॉक्टर लूमिस, चांगला शिकलासवरलेला मनोविकारतज्ज्ञ, हो म्हणतो. मला तो होकार त्या मारेकऱ्याच्या पांढऱ्या मुखवट्यापेक्षा जास्त हलवून जातो. ज्या पोराला रात्रभर ‘असं काही नसतं’ म्हणून गप्प केलं, त्याची मोठ्यांनी फार उशिरा मागितलेली माफी मला त्यात ऐकू येते.

किंवा जेनिफर केंटचा २०१४ चा ‘द बाबाडूक’. अगदी सुरुवातीलाच अमेलिया, ती थकलेली आई, मुलासाठी पलंगाखाली वाकते, कपाट उघडून दाखवते. तुम्ही तो चित्रपट नक्की बघितला असणार. तिथे तुम्हाला स्वतःची आठवण आली नाही का? आणि तुम्ही त्या रात्री बघत होतात तो ‘द बूगीमॅन’ ज्या कथेवरून निघाला, ती स्टीफन किंगची १९७३ ची कथा तर अशा एका बापाची आहे, ज्याला मुलांचं रात्रीचं रडणं म्हणजे निव्वळ लाड वाटतात.

या प्रकारचे चित्रपट उभे राहतात ते याच एका गोष्टीवर. एक मूल सांगतं, ‘तिथे काहीतरी आहे.’ एक मोठं माणूस म्हणतं, ‘नाहीये.’ त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून बागुलबुवा आत येतो. आपण वर्षानुवर्षं ते बघतो, पडद्यावरच्या मोठ्यांवर चिडतो, ‘अरे, ऐक ना त्याचं’ असं पुटपुटतो, आणि स्वतःच्या घरात पोर हाक मारतं तेव्हा आपल्याही तोंडून तेच निघतं. तुम्हाला दोष देत नाहीये. रात्री अकरा वाजता, चौथ्या हाकेला, कुणाच्याही तोंडून तेच निघेल.

पण मुलीच्या जागी बसून बघा. आई तोंडाने म्हणते काही नाही, आणि तरी रोज वाकून तपासते. नसेलच, तर रोज बघते कशाला? आज नव्हता म्हणजे उद्या असू शकतो, म्हणून ना? तुम्ही धीर द्यायला मारलेली बॅटरी तिला पहारा वाटत असणार. आणि पहारा तिथेच असतो, जिथे कुणीतरी येणार असतं.

म्हणून तपासणं हळूहळू कमी करा. एकदम बंद करू नका, ती घाबरेल. आज एकदा, तिच्या सांगण्यावरून. मग एक दिवसाआड. त्या जागी काय ठेवायचं, ते ‘मॉन्स्टर्स, इंक.’ (२००१) या मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटात फार सुंदर दाखवलंय. छोटी बू झोपायच्या वेळी कपाटाकडे बोट दाखवते, तिला घाबरवणाऱ्या रँडल या राक्षसाचं स्वतः काढलेलं चित्र दाखवते. सली हा दुसरा, प्रेमळ राक्षस कपाट उघडून ते रिकामं आहे हे सांगून बघतो, पण तिचं समाधान होत नाही. मग तो म्हणतो, तुला झोप लागेपर्यंत मी इथे बसतो. ती झोपते. अख्ख्या भयपटांच्या दुनियेत मुलाला नीट झोपवणारा मला आठवतो तो हा एक राक्षसच. तुम्हीही बसा. मोबाइल न घेता, पलंगाच्या कडेला, गप्प. आधी जवळ, चार-पाच दिवसांनी खुर्चीवर, मग दारापाशी.

आता चित्रपट पूर्ण दाखवण्याबद्दल. कृपा करून दाखवू नका. तुमचा विचार मला कळतो: अर्धवट बघितलं म्हणून भीती राहिली, शेवट कळला की सुटेल. तुमच्या-माझ्या बाबतीत ते खरं आहे. सहा वर्षांच्या मुलीचं डोकं वेगळं चालतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत जोआन कँटर या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्हीवरच्या ‘हल्क’ मालिकेबद्दल, म्हणजे चिडला की हिरवा धिप्पाड राक्षस होणाऱ्या माणसाबद्दल, मुलांना विचारलं होतं. हल्क सज्जन आहे, लोकांना वाचवतो, तरी शाळेआधीच्या वयाची मुलं त्याला घाबरली, आणि सगळ्यात जास्त घाबरली ती माणसाचा हल्क होताना. लहान मुलं दिसतं त्याला भितात. तो मुळात चांगला आहे, शेवटी सगळं ठीक होतं, हे खोटं आहे, या गोष्टी त्या वयात मनाला लागत नाहीत. साधारण आठव्या वर्षानंतर ‘हे खरं नाहीये’ याचा उपयोग व्हायला लागतो. त्याआधी उपयोगी पडतं ते जवळ घेणं, हातात काहीतरी धरायला देणं, डोळे झाकायची मुभा. म्हणजे पूर्ण चित्रपट दाखवून तुम्ही तिला शेवट देणार नाही, आणखी दीड तास चेहरे देणार. शूटिंगची दृश्यंही तशीच. रबराचा राक्षस बनवताना दिसला, तरी तिच्या डोळ्यांत राहील तो राक्षसच.

उलट, चित्रपटात काय होतं हे सांगण्यापेक्षा तिने काय बघितलं हे तिला विचारा. दिवसाउजेडी, खेळताना. कदाचित तिने बघितलंय ते तुम्हाला वाटतंय त्याहून फार कमी असेल, आणि उरलेलं तिने स्वतः रचलं असेल. त्या बागुलबुवाचं चित्र काढायला सांगा. त्याला नाव काय ठेवायचं? तो खातो काय? दिवसा कुठे असतो? त्याला कशाची भीती वाटते? हे ऐकताना हसू नका आणि दुरुस्तही करू नका. ‘बाबाडूक’चा शेवट आठवतोय ना? तिथला बागुलबुवा मरत नाही. तळघरात राहतो, आणि आई त्याच्यासाठी वाडग्यात किडे घेऊन जाते. मी तो शेवट पहिल्यांदा बघितला तेव्हा गोंधळले होते. आता वाटतं, भीतीशी वागायची इतकी घरगुती, इतकी खरी रीत दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाने दाखवली नाही. तुमच्या मुलीलाही बागुलबुवाची एक जागा ठरवू द्या. खोक्यात, बाल्कनीत, चित्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर.

मोठ्यांना हे असं बोलणं नको वाटतं. ‘सारखं तेच काय काढता?’ म्हणून आपण गप्प करतो. फ्रिट्झ लांगचा ‘एम’ हा १९३१ चा जर्मन चित्रपट याच प्रसंगाने सुरू होतो. मुलं गोल करून खेळतात आणि माणसं मारणाऱ्या काळ्या माणसाचं, म्हणजे तिकडच्या बागुलबुवाचंच, गाणं म्हणत एकेकाला बाद करतात. वरून एक बाई ओरडते, ते भयंकर गाणं बंद करा. मग दुसरी बाई, जिची मुलगी अजून शाळेतून यायची आहे, ती म्हणते की मुलांचा आवाज येतोय तोवर ती आहेत एवढं तरी कळतं. मी तो प्रसंग कितीदा बघितलाय. तुमची मुलगी बागुलबुवाबद्दल बोलतेय, तोवर तुम्हाला ती कुठे आहे ते कळतंय. गप्प झाली तर काळजी करा.

आणखी एक, अगदी साधं. २०२३ च्या त्या चित्रपटातली धाकटी बहीण हातात चंद्रासारखा उजेडाचा गोळा घेऊन असते. तुमच्या मुलीने तेवढंच बघितलं असेल, तर ते तिच्या कामाचंच आहे. खोलीत दिवा तुम्ही लावण्यापेक्षा तिच्या हाताशी एक छोटा दिवा द्या, जो तिला हवा तेव्हा लावता-विझवता येईल.

आता मला तुमच्या त्या एका ओळीकडे यायचंय.

तुम्ही, तुमचे यजमान, आणि पत्र पहिल्यांदा वाचताना मीही, आपण सगळ्यांनी गृहीत धरलं की भीती चित्रपटातून आली. पण हिशेब मांडून बघा. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत त्या खोलीत रात्री एक माणूस असायचा. एक दिवस तो नाहीसा झाला. कुठे, ते कुणी नीट सांगत नाही. लांब कामाला गेले म्हणतात, पण फोन नाही, निरोप नाही, आणि आजोबांचं नाव निघालं की मोठ्यांचे चेहरे बदलतात. मग त्या खोलीत रात्री एकट्याने झोपायची वेळ आल्यावर सहा वर्षांच्या मुलीने काय समजायचं? या खोलीतून माणसं जातात कुठे? चित्रपटाने तिच्या या प्रश्नाला फक्त एक चेहरा दिला असेल. मी खात्रीने सांगत नाही, तुमचं घर मी बघितलेलं नाही. पण ज्या कपाटाला ती घाबरते, ते कपाट कुणाचं होतं, एवढं मात्र मनाशी विचारून बघा.

तोच ‘द बूगीमॅन’ पुन्हा आठवा. आई गेलेली आहे. वडील स्वतः मानसोपचार करतात, दिवसभर परक्यांची दुःखं ऐकतात, पण स्वतःच्या दोन मुलींशी त्यांच्या आईबद्दल एक शब्द बोलू शकत नाहीत. ‘बाबाडूक’मध्ये बाप गेलेला आहे, आणि त्याचं नावही घरात निघत नाही. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये (१९८४) आईबापांनी मिळून केलेलं कृत्य मुलांपासून लपवलंय, आणि तेच मुलांच्या झोपेत येतं. आपल्याला हे चित्रपट आवडतात त्याचं एक कारण हेच असणार: घरात जे बोललं जात नाही, ते कुठेतरी दबा धरून बसतं, हे आपल्या सगळ्यांना आतून माहीत असतं.

मुलीला खरं सांगा. दोघांनी मिळून, दिवसा, त्या खोलीत नको. आजोबा वारले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. ते आता परत येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालं नाही, आणि आम्ही दोघं इथेच आहोत. ‘झोपी गेले’ हा शब्द अजिबात नको, झोपेचीच तर लढाई चाललीय. आपण तिच्याशी खोटं बोललो, हेही कबूल करा: आम्हाला रडू येत होतं म्हणून सांगितलं नाही. ती रडेल, किंवा लगेच उठून खेळायला जाईल आणि आठवड्याने अचानक काहीतरी विचारेल. दोन्ही ठीक. महिनाभर हे सगळं करूनही झोप सुधारली नाही, शाळेत जायला ती नको म्हणू लागली, दिवसाही चिकटून राहू लागली, तर मुलांच्या समुपदेशकाला भेटा. त्यात काही कमीपणा नाही.

यजमानांबद्दल. वडील गेले ते त्यांचे. पाच महिने झालेत. ‘चांगली आई असले सिनेमे बघते का’ हे वाक्य तुम्हाला लागलं आणि लागायलाच हवं होतं, ते अन्यायाचं आहे. पण ज्या माणसाला स्वतःच्या वडिलांच्या मरणाबद्दल मुलीशी बोलता आलं नाही, त्याला बोट ठेवायला एक चित्रपट सापडला, असं तर झालं नसेल? त्यांच्याशी चित्रपटावरून भांडू नका. आधी विचारा, तुम्ही कसे आहात. चित्रपटाचं नंतर बघू.

तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते: नाही, सोडू नका. चूक झाली ती दाराची आणि वेळेची. हेडफोन वापरा, मुलीची झोप परत बसेपर्यंत खोलीचं दार लावून बघा, दाराकडे तोंड करून बसा. आणखी एक महिना शुक्रवार तिच्या पलंगाशी गेले तर जाऊ द्या. पण भयपट बघणारी बाई मुलांबाबत बेफिकीर असते, हे मी ऐकून घेणार नाही. जेनिफर केंटने ‘बाबाडूक’ केला तेव्हा आई मुलाला वाटेल ते बोलते त्या दृश्यांत तो छोटा नट समोर नसेल याची तिने काळजी घेतली; त्याच्या जागी एक मोठा माणूस गुडघ्यांवर बसला. इतका भयाण चित्रपट करणाऱ्या बाईला मुलाच्या कानांवर काय पडू नये, हे पक्कं ठाऊक होतं.

राहिला मुलगा. त्याची आधी चिडवण्याबद्दल खरडपट्टी काढा. ‘हॅलोविन’मध्येही शाळेतली पोरं टॉमीला ‘बागुलबुवा येईल’ म्हणून छळतात, आणि ती पोरं कुणालाच आवडत नाहीत. मग त्याला सोबत घ्या. तेराव्या वर्षी बंदी घातली तर तो मित्राच्या मोबाइलवर बघेल, तेही सगळ्यात वाईट. सुरुवात त्याच ‘द बूगीमॅन’ने करायला हरकत नाही, अमेरिकेत त्याला तेराखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र आहे. दुपारी बघा, तुम्ही शेजारी, आणि मधेच बंद करायचा हक्क त्याचा, त्यावरून पुढे कधी टोमणा नाही. शूटिंगच्या गोष्टींचा नाद मुलीऐवजी त्याला लावा. ‘हॅलोविन’चा तो मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला आणि डोळ्यांची भोकं मोठी केलेली, हे ऐकून तेरा वर्षांचं पोर हरखून जातं. तो चित्रपट मात्र दोन-तीन वर्षांनी. रक्त त्यात फार थोडं दिसतं, पण बाकीचं तेरासाठी नाही. ‘एल्म स्ट्रीट’ही तेव्हाच, त्यातली नायिका नॅन्सी स्वप्नात येणाऱ्या मारेकऱ्या फ्रेडीकडे पाठ फिरवते आणि त्याला दिलेली ताकद काढून घेते, तो प्रसंग बघताना तुमचा मुलगा तुमच्याशी काय बोलतो ते ऐकण्यासारखं असेल. ‘बाबाडूक’ त्याहून उशिरा. त्यात आईच मुलावर उलटते, आणि ते स्वतःच्या आईशेजारी बसून बघणं या वयात सोपं नाही.

‘सिनिस्टर’ (२०१२) तर अठरापर्यंत घरात नकोच. त्यातल्या दैत्याचं नाव ऐकलंत ना, बगूल! आपल्या बागुलपासून एका कान्यावर. आणि तो मुलांपर्यंत पोचतो कसा, तर चित्रांतून. त्याची प्रतिमा हीच त्याची वाट. मला तो चित्रपट तांत्रिकदृष्ट्या फार आवडतो, पण मुलं असलेल्या घरात तो लावताना मी आजही दोनदा दार बघते.

आज रात्री खोलीतून बाहेर पडताना दार किती उघडं ठेवायचं, ते मुलीला विचारा. ती हाताने दाखवेल तेवढंच ठेवा, आणि ते दार हलू नये म्हणून खाली काहीतरी लावा.